पाहुण्याने बदललेला शेवट

बापाने लेकीच्या घरी राहू नये, असं माझ्या वडिलांचं ठाम मत होतं, आणि ते मत सोबत घेऊनच ते माझ्या घरी राहायला आले. किहीमला आमच्या नारळाच्या वाडीत दोन-तीन खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. त्यातली समुद्राकडची चांगली खोली मी त्यांना देऊ केली, तर म्हणाले, ती गिऱ्हाइकाची. मग ओटीवर खाट टाकली. पाणीसुद्धा मागून प्यायचे, परक्यासारखं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आडमुठी पोरं पुष्कळ बघितली, पण या पोराने मला हरवलं.

ते आले ते नाइलाजाने. माझं माहेर आत खाडीकाठी आहे, भातशेतीचं गाव. तिथे त्यांना दवाखान्यात न्यायला कुणी रिक्षा देईना, कारण आमचं घर वाळीत पडलं होतं.

झालं असं, की बंदराच्या कंटेनरांचं यार्ड करायला एका कंपनीला गावाची सलग जमीन हवी होती. ग्रामसभा बोलावली. ज्यांनी वर्षानुवर्षं गावाचं तोंड बघितलं नव्हतं असे मुंबईकर गाड्या भरून आणले, कारण त्यांची नावं अजून गावाच्या मतदारयादीत होती. हात वर झाले, द्यायचं ठरलं. माझा थोरला भाऊ नाही म्हणाला. त्याचं शेत नेमकं रस्त्याच्या तोंडाशी, त्यामुळे एकट्याच्या नकाराने सगळ्यांचं अडलं. धाकटा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतो, तो गावाबरोबर गेला. मग गावकी बसली. गावकी म्हणजे गावातल्या कर्त्या पुरुषांची बैठक. कायद्याच्या पुस्तकात तिला जागा नाही आणि गावात तिच्याशिवाय पान हलत नाही. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाला थोरल्याचं दळण घेईना, दुकानदार मीठ देईना. पोलीस येऊन गेले. गावाने त्यांना सांगितलं, साहेब, बहिष्कार कुठे आहे, आम्ही नुसतं बोलत नाही.

दोघा भावांची घरं एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात, समोरासमोर. बाबा थोरल्याकडे राहायचे. धाकट्याने खळ्याच्या मधोमध हिरवी जाळी ताणून बांधली. मी त्याला फोनवर खूप बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि नंतर माझा फोन उचलणं कमी केलं.

बाबांना आता जगायचा सोस नव्हता. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं तेव्हा त्यांनी ते पावसाच्या बातमीसारखं ऐकलं. त्यांना एवढंच हवं होतं, की आपल्याला दोन्ही मुलांनी मिळून खांदा द्यावा. रोज संध्याकाळी हे मला सांगायचे. मी म्हणायचे, होईल हो बाबा. मला तेव्हाच वाटत होतं की होणार नाही.

समुद्राकडच्या खोलीत त्या वर्षी एक पोलंडचा माणूस होता. न्हावा शेव्याला क्रेन बसवायचं काम चाललं होतं, त्यावरचा इंजिनिअर. आठवडाभर तिकडे असायचा, शनिवार-रविवारी आमच्याकडे. बाबांनी पहिल्या दिवशी त्याच्याकडे पाठ फिरवली. बंदरवाला, म्हणाले. मग एकदा त्याने आमच्या ताटातली सुकटीची चटणी मागून घेतली, नाकाडोळ्यांतून पाणी काढत सगळी संपवली आणि परत मागितली. त्या दिवसापासून तो बाबांचा पाव्हणा झाला. तो इंग्रजीत बोलायचा, बाबा आपल्या बोलीत, आणि मध्ये मी. निवृत्तीनंतर माझं इंग्रजी एवढं कधी कामाला आलं नव्हतं.

बाबांनी त्याला जाळीचं सांगितलं, तेव्हा तो आपल्या मुलखाचं सांगू लागला. त्या भागाचं नाव सायलेशिया. जमिनीखाली कोळसा, वर खाणी आणि कारखाने. मुलूख जर्मनीच्या ताब्यात होता, पण खाणीत उतरणारे बहुतेक पोलिश बोलणारे. पहिलं महायुद्ध झालं, जर्मनी हरली, पोलंड नव्याने उभा राहिला, आणि दोघेही म्हणू लागले, हा मुलूख आमचा. मग तिथल्या पोलिश लोकांनी बंदुका उचलल्या. एकदा उठाव केला, मोडला. दुसऱ्या वर्षी परत केला. मग मोठ्या राष्ट्रांनी मध्ये पडून सांगितलं, गप्प बसा, मतदान घ्या, कुणाकडे जायचं ते लोकच सांगतील.

"त्या मतदानाला तिथे जन्मलेले पण बाहेर गेलेले लोकसुद्धा आणले," पाहुणा म्हणाला. "गाड्या भरभरून आले."

मी हे मराठीत सांगितलं आणि बाबा खाटेवर उठून बसले. "म्हंजे मुंबयकर," म्हणाले. "तितंबी हायत का?" बऱ्याच दिवसांनी ते हसले. पाहुण्यालाही मी समजावून सांगितलं, मग तोही हसला.

त्याच्या पणजोबांच्या घरी दोन भाऊ होते. घरात बोलायचे ती भाषा ना धड पोलिश, ना धड जर्मन, दोन्हीची खिचडी. आमच्याकडे उरणपासून मुरूडपर्यंत दर दहा गावांना बोली पालटते, त्यामुळे बाबांना त्यात नवल वाटलं नाही. थोरला, म्हणजे पाहुण्याचा पणजोबा, खाणकामगार होता. धाकटा रेल्वेत कारकून. थोरल्याने पोलंडला मत दिलं, धाकट्याने जर्मनीला. एकूण मतं जर्मनीकडे जास्त पडली. आता सगळं तिकडेच जाणार अशी आवई उठली आणि तिसरा उठाव झाला, आधीच्या दोघांपेक्षा मोठा. रातोरात रेल्वेचे पूल उडवले, जर्मनीकडून फौज येऊ नये म्हणून. पणजोबा त्यात होते. धाकटा त्यांच्या विरुद्ध बाजूच्या स्वयंसेवकांत भरती झाला. आईने थोरल्याच्या बाहीवर पोलंडच्या झेंड्याची पांढरी-तांबडी पट्टी शिवून दिली आणि धाकट्याला वाटेत खायला पाव बांधून दिला, त्याच सकाळी, त्याच टेबलावर.

"ती कुनाच्या बाजूनं व्हती?" बाबांनी विचारलं.

पाहुणा म्हणाला, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. तिला कुणी विचारलं नाही.

एका टेकडीवर मठ आहे, तिच्यासाठी मोठी लढाई झाली. त्या लढाईत दोघे भाऊ होते, टेकडीच्या दोन अंगांना. दोघेही वाचले. शेवटी मोठ्या राष्ट्रांनी मुलूख कापला. जमीन जर्मनीला जास्त गेली, खाणी बहुतेक पोलंडला आल्या. रेघ कुठून जावी याचा विचार नकाशावर झाला, त्यामुळे ती गल्ल्यांतून, खाणींवरून, कुणाच्या परसातून गेली. यांच्या गावात ती ओढ्यावरून गेली. पणजोबा अलीकडे, धाकटा पलीकडे. मधे फळी टाकली तर पाय न भिजता जाता येईल एवढाच ओढा.

"जिकलं कोन मंग?"

"कुणीच नाही. सगळे म्हणायचे, आम्हाला लुबाडलं."

बाबा म्हणाले, तर मग मतं कशाला घेतली. 

गोष्टीचा शेवट त्याने मला एकटीला सांगितला होता, मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असताना. ते भाऊ कधीच भेटले नाहीत. ये-जा करायला परवाना मिळायचा, दोघांनीही काढला नाही. आई गेली तेव्हा ती अलीकडे होती; धाकटा ओढ्यापलीकडे टोपी काढून उभा राहिला आणि प्रेतयात्रा पुढे गेल्यावर घरी गेला. मग दुसरं महायुद्ध आलं. जर्मन फौज ओढा ओलांडून आली आणि जुन्या उठाववाल्यांना घराघरांतून शोधून नेऊ लागली. पणजोबांना सुरुवातीलाच नेलं. ते परत आले नाहीत. धाकट्याने नाव सांगितलं की नुसता गप्प राहिला, हे कधी कळलं नाही. पाहुणा म्हणाला, माझ्या पणजीला त्या दोन्हींत काही फरक वाटत नव्हता.

म्हणून बाबांनी जेव्हा सरळ विचारलं, "मंग ते दोगं भाव भेटले का न्हाय?", तेव्हा ते पाहुण्याला विचारूच नये असं मला वाटलं. मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. पाहुण्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो बाबांकडे बघत होता.

भेटले, म्हणाला. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. धाकटा ओढा ओलांडून आला, हातात पाव होता. दोघांनी तो तोडून खाल्ला. त्यानंतर दर रविवारी यायचा.

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. बाबांनी खाटेखालून आपली पिशवी ओढली. मग मला म्हणाले, "बाय, मला उद्या घरी सोड."

बाबा आत गेल्यावर मी पाहुण्याला धारेवर धरलं. असं का सांगितलंत, विचारलं. तो म्हणाला, माझ्या पणजीला असं एखादं गोड खोटं कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मला लहानपणापासून वाटतं. मी म्हटलं, मग ते तुमच्या पणजीला सांगायचं, माझ्या बापाला कशाला? त्याने माफी मागितली. वाईट माणूस नव्हता. दिवाळीच्या आधी त्याचं काम संपलं आणि तो गेला.

बाबांना आम्ही गावी पोचवलं. आमच्या घरासमोरच्या हिरव्या जाळीला आता दुधीचा वेल चढला होता, दुधी कुणाचा यावरून अजून भांडण झालं नव्हतं एवढंच. बाबा ओटीवर बसू लागले. धाकटा ड्यूटीवरून आला, नळावर पाय धुऊ लागला, की ते जाळीतून त्याला पाहुण्याची गोष्ट सांगायचे. मी दर आठवड्याला जायचे, तेव्हा ऐकायचे. गोष्ट रोज वाढत होती. ओढ्याची खाडी झाली. टेकडीवरची लढाई अशी रंगवायचे, की शिपाई समोर दिसावेत. शेवटी पाव तोडायची वेळ आली की हातानेच तोडून दाखवायचे. धाकटा पाय धुवायचा, कधी एकच पाय पुन्हा पुन्हा धुवायचा, पण मान वर करायचा नाही. गावदेवीच्या पारावर बसलेली माणसं तिथून सगळं बघत असायची.

मी असतानाच एके दिवशी तो बोलला. नळ बंद केला, जाळीपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, ते भेटले आसतील. मला या गावात ऱ्हायचं हाय. दोन पोरी उजवायच्या हायत."

बाबा म्हणाले, "व्हय."

त्यांना राग आला नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून त्यांनी गोष्ट सांगायची बंद केली. धाकटा आला की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे, त्याला अवघड वाटू नये म्हणून. त्यांचं जेवण तुटलं. थोरला मला म्हणाला, मी सही करून टाकतो जमिनीची. बाबांनी ते ऐकलं आणि नको म्हणाले. आता सही केलीस तरी गाववाले यायचे नाहीत, उलट हसतील. ते बरोबर बोलत होते. गावाला जमिनीपेक्षा वाळीत टाकण्याचीच गोडी लागली होती.

माघात एका सकाळी बाबा गेले. थोरल्याने जाळीपाशी जाऊन सांगितलं. धाकटा दाढी करत होता. तो अर्धवट साबण लागलेल्या तोंडाने पायरीवर खाली बसला. पाराकडची माणसं तोवर जमली होती, आमच्याकडे यायला नाही, कोण येतं ते बघायला.

लाकडंसुद्धा गावात मिळाली नाहीत, अलिबागहून टेम्पोने आणावी लागली. ती येईपर्यंत आम्ही थांबलो, आल्यावरही थांबलो. माझे यजमान दोनदा जाळीपाशी जाऊन आले. धाकटा पहिल्यांदा म्हणाला, बघतो. दुसऱ्यांदा त्याच्या बायकोने सांगितलं, ते आत आहेत. खांदा द्यायला थोरला होता, माझे यजमान होते, थोरल्याचा मुंबईचा मेहुणा होता. चौथं कुणी नव्हतं. ऊन चढायला लागलं. मग मी पदर खोचला आणि चौथी झाले. आमच्याकडे बायका तिरडीला हात लावत नाहीत. कुणी मला अडवलं नाही, अडवायला तिथे होतंच कोण. मी बुटकी, त्यामुळे तिरडी माझ्या बाजूला कलायची आणि बाबा माझ्याच अंगावर यायचे. मी सबंध वाट रडले, पण बाबांसाठी नाही. धाकट्याच्या दारावरून गेलो तेव्हा दार बंद होतं. पुढे वळणावर मी मागे बघितलं. तो खळ्यात येऊन उभा होता, हात जोडून.

त्याने सुतक पाळलं. त्याने स्वतःच्या नळापाशी डोकं भादरून घेतलं, दहावं स्वतःचं वेगळं केलं. त्याच्या दहाव्याला सगळं गाव होतं. आमच्याकडे आम्हीच. एका बापाची दोन दहावी मी तेवढीच बघितली.

तेराव्याच्या सकाळी मी जाळीला वळसा घालून त्याच्या दाराशी गेले. म्हटलं, निदान जेवायला तरी बोलवावं, नाही आला तर नाही. त्याने दार उघडलं. टक्कल केलेला तो मला एकदम लहानपणचा दिसला, उवा झाल्यावर आई त्याचं डोकं भादरायची तसा. मी बोलायच्या आधी तोच बोलला.

"ताई, तू खांदा दिलास. आता तुझ्याशीबी बोलता येनार न्हाय मला."

मी म्हटलं, "मी तुझ्या जागेवर उभी होते."

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

मग त्याने दार लावलं आणि आतून कडी घातली. हळूच घातली, मला आवाज येऊ नये म्हणून.