छत्रीला पण, कपबशीला पण

निवडणुकीत पडलेले उमेदवार मी पुष्कळ पाहिले, पण पडण्यासाठी घाम गाळणारा उमेदवार अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच झाला, आणि तो मी. घरोघरी जाऊन हात जोडले, म्हाताऱ्यांच्या पाया पडलो आणि प्रत्येकाला सांगितलं, कृपा करून मला मत देऊ नका.

गोष्ट कागदी मतपत्रिकांच्या शेवटच्या दिवसांतली आहे. आमचं गाव गव्हाणच्या वाटेवर. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, बाकीच्या जागा देवळात बसून बिनविरोध ठरल्या आणि आमच्या आळीची एक जागा तेवढी अडली. एका बाजूला मातीचा ठेकेदार, ज्याच्या डंपरांनी गावामागची निम्मी टेकडी उचलून खाडीत नेऊन ओतली होती आणि जाता येता आमची पाण्याची पाइपलाइन फोडली होती. दुसऱ्या बाजूला माझा चुलतभाऊ. आमच्याकडे थोरल्या भावाला दादूस म्हणतात. हा सख्खा नसला तरी माझा दादूस तोच. आमची दोन घरं म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे, ओटी सामाईक. त्याची आई लवकर गेली, तेव्हापासून तो माझ्या आईच्या हातचं जेवून वाढलेला. मला खाडीत पोहायला त्यानंच शिकवलं. शिकवलं म्हणजे होडीतून ढकललं आणि मी वर आल्यावर म्हणाला, आता येतंय तुला.

दादूसला पंच व्हायचं होतं ते त्या पाइपलाइनपायी. अर्ज भरताना त्याला कोणीतरी भीती घातली की छाननीत अर्ज उडाला तर काय करशील, एक डमी ठेव. डमी म्हणजे गाडीची स्टेपनी. गाडी नीट चालली की स्टेपनीनं गपचूप डिकीत पडून राहायचं, म्हणजे माघारीच्या दिवशी तीनच्या आत तहसील कचेरीत जाऊन सही करायची आणि नाव काढून घ्यायचं. दादूसची स्टेपनी मी. छाननीत त्याचा अर्ज खणखणीत निघाला. माझं काम फक्त एका सहीचं उरलं.

माघारीच्या दिवशी सकाळीच एस.टी.त बसलो. मी कामाला कंटेनरच्या यार्डात, आलेले गेलेले कंटेनर तपासायचं माझं काम, आणि त्याच कंटेनरांनी माझा घात केला. बंदराच्या रस्त्यावर एक ट्रेलर आडवा पडला आणि मागे उरणपासून पुढे पनवेलपर्यंत सगळं थिजलं. आमच्या पुढच्या ट्रेलरच्या ड्रायव्हरनं स्टोव्ह काढून भात टाकला, जेवला, भांडी घासली, झोप काढली, उठून दाढी केली. शेजारी लग्नाच्या दोन बस उभ्या होत्या. त्यातल्या वऱ्हाडांची इतकी ओळख झाली की पुढच्या वर्षीचं एक लग्न तिथेच डांबरावर ठरलं. शेवटी मी उतरलो आणि पळत सुटलो. एके ठिकाणी दोन कंटेनरांच्या मधल्या फटीत शिरलो तर पोट पुढे जाईना आणि पाठ मागे येईना. क्लीनरनं ओढून काढलं म्हणून बाहेर आलो. पण खरं सांगायचं तर त्या फटीतून मी पुढची पाच वर्षं बाहेर आलो नाही.

कचेरीत पोचलो तेव्हा साहेबांनी चष्मा पुसला, घड्याळाकडे बघितलं आणि सांगितलं की मुदत संपली. मी गयावया केली. त्यांनी शांतपणे विचारलं, "चिन्ह कोणतं देऊ?" मी म्हणालो, "साहेब, चिन्ह नको, सुटका द्या." ते यादी चाळत म्हणाले, "सुटका यादीत नाही. कपबशी आहे."

दादूसला छत्री मिळाली, ठेकेदाराला टेबल, आणि मला कपबशी.

संध्याकाळी मी दादूसला सगळं सांगितलं. भात, दाढी, वऱ्हाड, फट, काही सोडलं नाही. जन्मभर माझ्या गोष्टी मांडी थोपटून ऐकणारा माणूस त्या दिवशी हसला नाही. गावात तोवर आवई उठलीच होती की ठेकेदारानं मला फोडला, छत्रीची मतं खायला उभा केला. दादूस ओटीच्या कडेवर बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मग म्हणाला, "तुज्या कपबशीला एक जरी मत पडलं ना, तर ते तुजंच धरीन मी."

आता माझी अवस्था बघा. स्वतःला मत दिलं तर दादूस गेला. दादूसला दिलं आणि आळीतल्या कोणा रिकामटेकड्यानं गंमत म्हणून कपबशीवर शिक्का मारला, तरी दादूस गेला. आणि कोणीच मारला नाही तर कपबशीला शून्य, म्हणजे ज्याला स्वतःचंही मत मिळालं नाही असा माणूस म्हणून सरणावर जाईपर्यंत नाव. म्हणून मी प्रचाराला निघालो, स्वतःविरुद्ध. जिथे जाईन तिथे चहा यायचा आणि वर ऐकावं लागायचं, घ्या, तुमचंच चिन्ह आहे. आठवडाभरात इतका चहा झाला की मला घाम यायचा तोही तांबडा. आणि माझी विनंती ऐकून लोक उलट विरघळायला लागले. वरच्या अंगाची एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, असा बिनहावरा माणूस आख्ख्या पंचायतीत नाय, यालाच द्यायला पायजे. तिला छत्रीवर आणायला मला दोन दिवस लागले.

बायको पनवेल शहरातली, शिकलेली. तिचं म्हणणं, मत गुप्त असतं, कशाला एवढा जीव टांगणीला लावता. मी म्हणालो, आमच्या आळीत कोणाकडे कोलंबी शिजली हे झाकण उघडायच्या आधी कळतं, तिथे मत कसलं गुप्त. तू कोणाला देणार, असं विचारलं तर म्हणाली, "छत्रीला. तुम्हाला एकदा घरात निवडून दिलंय, तेवढं बास झालं."

पनवेलच्या बाजारात माझा एक जुना दोस्त आहे, कोकणी मुसलमान. आखातात पुष्कळ वर्षं काढून आला आणि कापडाचं दुकान टाकून बसला. त्याच्यापुढे मी सगळं ओतलं. तो कापड मोजता मोजता म्हणाला, "कोरी टाक, भाईजान. शिक्का मारूच नको. ईमान पण राहील, इज्जत पण राहील." मी म्हटलं, कोरी टाकली तर दादूसचं हक्काचं एक मत कमी होतं. मग म्हणाला, जाऊच नको मत द्यायला. तेही जमण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे दुपारपर्यंत कोण आला नाही ते बूथवरच्या पोरांना पाठ असतं, रिक्षा दारात येते, आणि माणूस गावाबाहेर गेला असेल तर तो कोणाच्या पैशानं गेला तेही ठरून जातं. दोस्तानं गज खाली ठेवला. म्हणाला, "मी कुवेतला होतो तेव्हा सगळ्या पार्ट्या माझ्यावर खूश होत्या. तू पण निघून जा." तो हसला. मी मात्र खरंच पासपोर्टचा विचार करत घरी आलो.

या सगळ्या धांदलीत एक माणूस गप्प होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. माझी आई. मी आळीभर सांगत फिरत होतो ते तिच्या कानावर येत होतं. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "बाला, तुला एक पन नाय देनार कोनी?"

"नाय, आये. एक पन नाय पायजे. तू छत्रीवर मार."

"बरं," म्हणाली आणि भाकरी उलटली.

मतदानाला गेलो. पडद्याआड कागद पसरला तर तिन्ही चित्रं माझ्याकडे बघत होती. शिक्का हातात धरून मी इतका वेळ उभा राहिलो की बाहेरून विचारणा झाली, आत चहा घेताय काय. मी छत्रीवर शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकला आणि बाहेर येऊन पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. आईही मत देऊन आली. शाईचं बोट वर धरून खूश होऊन म्हणाली, "मी कोनाला नाराज नाय केलं." मला वाटलं, बूथवरच्या पोरांना हसून हो म्हणाली असेल.

मतमोजणी पनवेलला झाली. आम्ही तिघे उमेदवार टेबलासमोर जाळीपलीकडे उभे होतो. छत्री, टेबल, छत्री, टेबल, गठ्ठे सारखे वाढत होते आणि कपबशीची जागा मोकळीच्या मोकळी. आयुष्यात एवढ्या प्रेमानं मी शून्याकडे कधी बघितलं नव्हतं. मग साहेबांनी एक मतपत्रिका बाजूला काढली आणि नियमाप्रमाणे आम्हाला दाखवायला जाळीजवळ आणली. बाद मत. छत्रीवर एक शिक्का आणि कपबशीवर एक.

ठेकेदाराचा माणूस फिसकन हसला. आळीत छत्रीवर आणि कपबशीवर दोन्हीवर शिक्का मारावासा वाटेल असा माणूस कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दादूसनं माझ्याकडे मान वळवली. मी मतपत्रिकेकडे बघत होतो. शिक्के घाईघाईनं मारलेले नव्हते. छत्रीच्या बरोबर मध्यावर एक, कपबशीच्या बरोबर मध्यावर एक, इकडे तिकडे न सांडलेले, देवाच्या कपाळाला बोट टेकवावं तसे. माझी आई गणपतीला कुंकू लावते आणि त्याच बोटानं उंदरालाही लावते, उंदीर रुसू नये म्हणून. तो हात मी जन्मापासून बघत आलोय.

छत्री आणि टेबल बरोबरीत सुटले. शिपायानं डब्यातून चिठ्ठी काढली आणि टेबल निघालं. ते एक मत बाद झालं नसतं तर चिठ्ठीची पाळीच आली नसती.

कचेरीच्या पायऱ्यांवर दादूसनं मला गाठलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात म्हणाला, "तूच ना?"

मी तोंड उघडलं. खरं माझ्या जिभेच्या टोकावर होतं, एका वाक्याचं काम. पण त्या वाक्यात आईचं नाव होतं, आणि हा माणूस तिच्या ताटात जेवलेला. मी सुटलो असतो आणि ती अडकली असती. मी म्हणालो, "हो. मीच."

दुसऱ्या दिवशी दादूसनं ओटीच्या मधोमध पत्रा ठोकला. हा पत्रा मी काढणार नाही, असं चार लोकांत जाहीरही केलं. एकाच ओटीवर दोन बाजूंना दोन घरं पाठ करून बसायला लागली. गावात माझं नाव कपबशी पडलं. यार्डातही पोचलं, ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवून ओरडायचे, कपबशी, गेट उघड. मी रोज शंभर थापा मारणारा माणूस, आणि खरं तेवढं सांगायची सोय नाही. पत्र्याला पाठ लावून बसलो की पलीकडे दादूस खोकायचा ते ऐकू यायचं. आईला वाटे, दोघंही पडले म्हणून भांडतात. ती बिचारी दोन्हीकडे कालवण पोचवायची, पत्र्याला वळसा घालून, अंगणातून.

पाच वर्षांनी पुढची निवडणूक आली तेव्हा मशीन आलं होतं. दादूस उभा नव्हता, शाळेबाहेर झाडाखाली मतदारांच्या चिठ्ठ्यांच्या टेबलावर बसला होता. मी आईला आणायला म्हणून जरा अंतर ठेवून थांबलो होतो. ती मत देऊन बाहेर आली ती तणतणतच. माझ्याकडे न येता थेट दादूसकडे गेली. "यो मशीन काय कामाचा नाय," म्हणाली. "एकच बटन घेतो. मागल्या येलेला कागूद होता तो बरा. मी तुला पन मारला, याला पन मारला."

दादूस चिठ्ठी लिहीत होता. पेन तिथेच थांबलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला म्हणाला, "ऊन लागल काकी, घरी जा."

ती गेल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. तो टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. मग म्हणाला, "तवा बोलला का नायस?"

"काय बोलू? तिचं नाव घेऊ?"

त्यानं पेनाला टोपण लावलं. "बोलला असतास तरी मी खरं नसतं धरलं," म्हणाला. "त्यात पन तू त्या ट्रेलरवाल्याचा भात शिजवला असतास." आणि पुढे, "तिला सांगू नको. कदी पन."

म्हणजे माझ्या फटीत आता दादूसही आला. पत्रा काढायचा तर गाव विचारणार, पाच वर्षं काय चुकलं होतं आणि आज काय बरोबर झालं. गावानं विचारलं की फिरून फिरून ते आईच्या कानावर जाणार, आणि आपण दादूसला पाडलं हे तिला कळणार. त्यामुळे पत्रा राहिला. दादूसनं फक्त, घरात कोणी नसताना, त्याला छिन्नीनं एक भोक पाडलं. बशीसकट कप आरपार जाईल एवढं.

दोन-चार दिवसांनी आईला ते दिसलं. वाकून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, पत्रा कुरतडला रं, उंदीर झालेत. मी म्हणालो, असतील. पलीकडून दादूस खोकला. ती आत गेली तसा भोकातून हात आला, आणि हातात कप. चहा अर्धा त्यानं पिऊन टाकला होता.