डब्यावरचं मराठी

"एका ओळीपायी सगळं काम अडवून ठेवलंय तुमी, हवालदार. एका ओळीपायी."

"एकच हाय म्हणून तर म्हणतोय. बाकीच्या बावीस ओळी छापा की मुंबईच्या मनासारख्या."

"आणि ही कुणाच्या मनासारखी छापू? हे बघा. लाल पेन्सिल. गोल काढलाय भोपळ्याएवढा."

लालासाहेबानं कागद टेबलावरून पुढं सरकवला. नाथाजीनं तो बघितला नाही. बघायचं काय त्यात? ओळ त्याचीच होती. मेंढरांच्या गोचिडांवर मारायच्या पावडरीचं लेबल, आणि त्यात शेवटाला त्यानं लिहिलं होतं, 'हे इख हाय. मेंढराला चोळून झालं की साबणानं हात धुवा, मगच भाकरीला शिवा.' खाली इंग्रजीत शेरा होता, मूळ मजकुराशी जुळत नाही.

"जुनी ओळ काय वाईट हुती?" लालासाहेब म्हणाला. "जुळवलेले टायपाचे खिळे सुतळीनं बांधून ठेवलेत तसेच. तुमी सही करायची, मी मशीन सुरू करायचं. इतकं सोपं काम."

वखारभागातल्या या छापखान्यात नाथाजी आठ वर्षं सह्या करत होता. कंपनी मुंबईची. तिचा माल सांगलीत डब्याखोक्यांत भरला जाई आणि लेबलं लालासाहेबाकडं छापली जात. मूळ मजकूर इंग्रजीत येई, नाथाजी त्याचं मराठी करी, आणि 'तर्जुमा बरोबर आहे' म्हणून त्याची सही पडल्याशिवाय कंपनी एक लेबल घेत नसे. छपाई नवी, तर सहीही नवी.

पलटणीत तो हवालदार-क्लार्क होता. साहेबाचा हुकूम इंग्रजीत टाइप होऊन यायचा आणि नाथाजी तो पोरांना सांगायचा. पोरं कोण, तर कुणी पाटणचं, कुणी खटावचं, कुणी विट्याकडचं. हुकूम दीड पानाचा असला तरी नाथाजी चार शब्दांत सांगे, "गड्यांनो, पुलावर जायचं न्हाई." अठरा वर्षांत एक पोरगं चुकून पुलावर गेलं नाही.

तोच भरवसा घेऊन तो इथं आला. पहिलं लेबल फवारणीच्या पंपाचं. त्यानं लिहिलं, 'काम झालं की पंप धुऊन ठेवा.' आठवड्यानं कागद परत आला, देवीच्या अंगावर हळदकुंकू उधळावं तसा लाल झालेला. तेव्हा त्याला तिथली रीत कळली. मुंबईच्या ऑफिसात कुणी एक बाई होत्या. नाथाजीचं मराठी त्या पुन्हा इंग्रजीत करत, एकेक शब्द उचलून. मग ते इंग्रजी मूळ इंग्रजीशेजारी ठेवून कंपनीचा साहेब ताडून बघे. एक शब्द कमी भरला की लाल गोल. साहेबाला मराठी येत नव्हतं. बाईंनी पंप कधी बघितला नव्हता.

दोन वेळा कागद परत आला, तीन वेळा आला. चौथ्या वेळी नाथाजीनं लिहिलं, 'ह्या उत्कृष्ट यंत्राच्या मालकीप्रीत्यर्थ आपले अभिनंदन करण्यात येत आहे. प्रत्येक उपयोगाच्या समाप्तीनंतर यंत्राचे संपूर्णतः धुतले जाणे घडवून आणावे.' उलट टपाली मंजुरी आली. वर, फार छान, असंही होतं.

मग त्यात त्याचा हातच बसला. मराठी लिहायचं आणि शेजारी मनातल्या मनात बाईंचं इंग्रजी ऐकायचं. शब्द न शब्द बरोबर परत गेला पाहिजे. माणसाला कळलं का, हे विचारणारं त्या वाटेवर कुणी नव्हतंच.

गावानं मात्र वाचलं. पंप घेतलेला केरबा चावडीपुढं त्याला अडवून म्हणाला, "आवं हवालदार, अभिनंदन करण्यात येत हाय म्हणं. कवा येत्यात? आंघोळ करून बसतो." घरी रंगूबाईनं नवा स्टोव्ह आणला, तर त्याच्या खोक्यावरही नवऱ्याचंच मराठी. 'पेटविण्यापूर्वी स्वतःस स्टोव्हशी परिचित करून घ्यावे.' रंगूबाईला वाचता येत नव्हतं, शेजारच्या विजयमालेनं वाचून दाखवलं. रंगूबाईनं पदर सारखा केला, स्टोव्हपुढं मांडी घातली आणि हात जोडून म्हणाली, "मी रंगूबाई. म्हायार तासगाव. आमचं मालक तुमचं पावनंच हायती." आळीभर बायका हसल्या. नाथाजीही हसला. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "आवं, तुमी बोलता तर बरं. मग लिवताना असं काय हुतं?"

त्यानं नुसती भाकरी कुस्करली. हे सांगायचं तर मुंबई, बाई, साहेब सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेवढं बोलायचा त्याला कंटाळा आला होता. अलीकडं त्याला सगळ्याचाच कंटाळा यायचा. सायकल चढावर हातात धरून न्यावी तसे त्याचे दिवस चालले होते.

आणि मग गेल्या महिन्यात बिराप्पा आला.

बिराप्पा धनगर, माणदेशाकडचा. दरसाल सुगीनंतर त्याची मेंढरं नाथाजीच्या रानात बसायची. रानाला खत मिळायचं, बिराप्पाला ज्वारी. दुष्काळात दोन सालं तो आला नव्हता, औंदा आला. मेंढरांना गोचीड झालेली. सांगलीहून त्यानं पावडरीचा डबा आणला आणि, नाथाजी छापखान्यात असताना, बांधावर बसून भाऊसोला म्हणाला, "वाच रं गड्या, काय लिवलंय." भाऊसो गावातला बोलका माणूस. तो उभा राहून, पोवाडा म्हणावा तसा वाचायला लागला.

"आपल्या मूल्यवान मेंढीस निवांत मनःस्थितीत उभे करावे."

बिराप्पानं एका मेंढीपुढं हात जोडले. "बाई, जरा निवांत मनस्थितीत हुब्या ऱ्हावा."

"मूल्यवान, सरक की पल्याड," कुणी दुसरीला म्हणालं.

हसून हसून माणसं बांधाला टेकली. बिराप्पाची बायको हरणाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. भाऊसो वाचतच होता, आणि शेवटी आली ती ओळ. 'वापरकर्त्याने सदर भुकटीच्या हाताळणीनंतर व अन्नसेवनाच्या अगोदर आपल्या हातांचे पूर्णतः धुतले जाणे विसरले जाऊ नये अशी शिफारस करण्यात येत आहे.' तोवर त्याचाही आवाज हसण्यात गेला होता.

हरणाबाईनं चाळीस मेंढरांना पावडर चोळली. ऊन झालं होतं. पाणी विहिरीवर, लांब. तिनं हात लुगड्याला पुसले आणि भाकरी मोडली.

ती जगली. आठ दिवस दवाखान्यात होती. पहिले दोन दिवस तर तिला माणूस ओळखू येत नव्हतं. नाथाजी भेटायला गेला तेव्हा बिराप्पा बाहेर पायरीवर बसला होता.

"डब्यावरचं वाचलं न्हाई का रं?" नाथाजीनं विचारलं. विचारायला नको होतं.

"वाचलं की, हवालदार. भाऊसोनं सगळं वाचलं, वरनं खालपतुर. आमी लय हासलो."

बिराप्पाला ठाऊक नव्हतं ते मराठी कुणाचं. नाथाजीनं सांगितलं नाही. आत जाऊन त्यानं हरणाबाईच्या उशाशी मोसंबी ठेवली आणि तो परत फिरला. त्याच आठवड्यात त्या पावडरीच्या दुसऱ्या छपाईचा कागद टेबलावर येऊन पडला.

"हवालदार," लालासाहेब आता आवाज उतरवून बोलत होता. "हरणाबाईचं ऐकलंय मी. वाईट झालं. पर तुमच्या लेबलावर हात धुवा असं हाय का न्हाई? हाय. मग तुमची चूक कुठं ऱ्हायली?"

"हाय," नाथाजी म्हणाला. "हसून दमल्यावर येतंय ते."

"ते लोकांनी बघावं."

"लोकांनी बघितलं, लालासाहेब. बांधावर बसून बघितलं."

"मुंबई ऐकायची न्हाई. तीनदा धाडली तुमची ओळ, तीनदा परत आली. आज मशीन सुरू झालं न्हाई तर काम मिरजेला जातंय. आता सही करा, न्हाईतर उद्यापासनं हे टेबल मला मोकळं लागंल. वाईट वाटून घिऊ नका."

त्यानं जुन्या ओळीचा छाप पुढं ठेवला, शाई अजून ओली असलेला. शेजारी लाल गोलातली नवी ओळ. नाथाजीनं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. लालासाहेबाला जरा हायसं वाटलं. तो खुर्चीला टेकला आणि सहज म्हणून लाल गोलातली ओळ वाचू लागला. आतापर्यंत त्यानं गोलच बघितला होता.

"हे इख हाय," तो पुटपुटला. "मेंढराला चोळून झालं की... साबणानं... मगच भाकरीला शिवा."

तो खुर्चीत सरळ झाला.

"हे आमच्या आईला बी कळंल," तो म्हणाला. "तिनं तर शाळंचं तोंड बघितलं न्हाई." त्यानं ओळ पुन्हा वाचली. मग मान वर करून, भांडण विसरून, खरंच कळावं म्हणून त्यानं विचारलं, "मला वाटायचं तुमाला तसलंच लिवता येतंय. असं येत हुतं, हवालदार, तर आठ वर्सं ते तसलं का लिवलंत?"

नाथाजीनं पेनाला टोपण लावलं. दोन्ही कागद सहीवाचून राहिले. त्यानं खिळ्यावरची टोपी काढली, झटकली, डोक्यावर घातली. दाराआड टेकवलेली सायकल सोडवून घेतली.

"आवं, इचारतोय मी."

पायरीवरून सायकल उतरवताना चेन खडखडली. नाथाजी तिच्यावर बसला नाही. हातात धरून, वखारींच्या कडेकडेनं, तो चालत गेला.