मामाचा लांबचा रस्ता

कारखान्यात हात सतत ग्रीसने बरबटलेले, म्हणून फोन करणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायची सोय मी मोबाइलवर चालू केली होती. त्या दुपारी ती सोय सगळ्यांचीच झाली. मालक समोर चहा फुंकत बसले होते आणि मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला, "जुगारी मामा. जुगारी मामा."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढून तांब्याची नवी भरायची, हे त्याचं काम. हात असा, की त्याने भरलेली मोटार सहसा परत येत नाही. इथे त्याला मीच चिकटवला होता. सट्ट्यापायी त्याची आधीची नोकरी आणि मामीचे दागिने गेले, एवढं मालकांना सांगायचं सोयीस्करपणे राहून गेलं होतं.

मालकांनी चहा संपवला. संध्याकाळी तांब्याची रिळं मामाच्या टेबलाखालून निघून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून तार तोलून मिळू लागली. लेथवाल्याने पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात आणलं. मामाने सगळं पाहिलं, चष्मा पुसला आणि खाली मान घालून तार भरत राहिला.

"सुटल्यावर तो स्टँड सोडून उलटा कुठे वळतो?" मालकांनी मला गाठलं. "ते कळलं की ठरवतो, ठेवायचा की नाही."

खरं तर शंका मलाही होतीच. सुटल्यावर मी अंतर ठेवून मामाच्या मागे निघालो. शाळेची भिंत, गॅरेजची मागची बाजू, नाल्याचा पूल. मला धाप लागली. पुलापलीकडे मामा माझीच वाट बघत उभा.

"भाचेबुवा, पाळत ठेवायची तर चपला कमी वाजवाव्यात."

"जातोस तरी कुठे?"

"घरी. स्टँडच्या रस्त्यावर सट्ट्याचं दुकान आहे. तिथले लोक नावानिशी हाक मारतात. म्हणून हा वळसा, माझ्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलेला. पगार थेट तुझ्या मामीच्या हातात. ती दोन-दोन दिवसांच्या भाड्यापुरते मोजून देते." मग जरा थांबून म्हणाला, "आपल्या मालकांना मधुमेह आहे ना? त्यांचा नंबर 'साखऱ्या' म्हणून ठेवलायस का?"

मी चपलेकडे पाहिलं.

"लपव असं नाही म्हणत मी. मला जुगाराचा त्रास आहे, उपचार चालू आहेत, असं सांग. जुगारी म्हटलंस की मग मी नुसती तार उचलली तरी चोरीच दिसते."

पुढे शेअर रिक्षा मिळाली. माझं पाकीट कारखान्यातच राहिलेलं. माझंही भाडं मामाने दिलं, उद्याच्या पैशांतून.

सकाळी मी मालकांना मामाचेच शब्द सांगितले, वळशासकट.

"म्हणजे चोर नाही?"

"नाही. त्रास आहे, आणि तो उपचार घेतोय."

"मग हे आधी असं सांगायला काय झालं होतं?" त्यांनी एक रीळ पायाने माझ्याकडे सरकवलं. "ने त्याच्याकडे. बाकीची बघू. काम चालू ठेव म्हणावं."

रिक्षाचं भाडं मात्र माझ्याकडून अजून द्यायचं राहिलंय. सुटे नसतात, असतात तेव्हा मामा नसतो. आणि त्या दिवशीचे पैसे गेले कुठे, हे मामी मामाला अजून विचारते आहे.