कपाटामागची रेघ

आता आठवलं की हसू आवरत नाय, पण पुंडलिकला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो वेडसरच वाटला. धोंडुबाईच्या पुढच्या खोलीत उभा राहून भिंत नखानं खरवडत होता आणि बोट चाटत होता. मी म्हटलं, गो धोंडू, पाव्हण्याला जेवायला तरी घाल, भिंत खातोय तो.

पाव्हणा निघाला सरकारी, रोह्याचा. जूनच्या वादळात खाडीचं पाणी बांध ओलांडून आमच्या गडब गावच्या खारपट्टीत शिरलं, ते कुठल्या घरात किती चढलं आणि वारा कुठून आला याची नोंद करत फिरत होता. मी विचारलंच, वाऱ्याची नोंद कशी करता, पिशवीत भरून नेता काय? तर न हसता म्हणाला, पडलेल्या झाडांचे शेंडे कुठल्या दिशेला आहेत ते बघतो. लगेच मी आमच्या दारातला आडवा शेवगा बघून आले.

अडलं होतं वेगळंच. नोंद होईल तेवढा बांध उंच होणार. आमच्या वाडीची खूणच मिळाली नाय तर बांध आहे तेवढाच, आणि पुढच्या उधाणाला धोंडुबाईचं घर पुन्हा पाण्यात. पण गणपती जवळ आलेले ना, आम्ही बायकांनी भिंती घासून चुना मारलेला. रेघ कुठली राहायला? धोंडुबाईचा मुलगा शिवा म्हणाला, पाणी कमरेइतकं होतं. धोंडुबाई म्हणाली, छातीइतकं. पुंडलिक म्हणाला, कुणाच्या?

खरवडून चुनाच तोंडात येत होता बिचाऱ्याच्या. मग त्याची नजर लाकडी कपाटावर गेली. धोंडुबाई आडवी आली, ते जड हाय, नका हलवू. शिवानं आणि त्यानं हलवलंच. मागं चुना नव्हताच! आमची टापटिपीची धोंडुबाई कपाटाच्या कडेकडेनं चुना मारून मोकळी झालेली. आणि तिथं गाळाची रेघ, सरळ. पुंडलिकनं चाखली. खारट. छपराची गळती नाय, खाडीच.

टेप लावली, लाल रंग काढला आणि रेघ तिथून ओढत गणपतीच्या भिंतीवर न्यायला लागला.

धोंडुबाई उसळली, "देवाच्या मागं लाल रेघ? कपाटामागंच ऱ्हाऊ दे की."

"मावशी, मग पुढच्या वादळात जो येईल त्यालाही कपाट सरकवून दाखवायचं काय?"

धोंडुबाईनं एकदा कपाटामागं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"काढा," म्हणाली, "पण सरळ काढा."