बुजऱ्या बाईसाहेब

माझी मावशी जंगलवाटेने लोकांना घोड्यावर फिरवून आणते. तबेल्यातली तिच्या हवाली असलेली घोडी, म्हणजे बाईसाहेब, दिसायला देखणी, पण इतकी बुजरी की उडालेला कागदही तिला वैरी वाटे. एका पाहुण्याला तिने झुडपात फेकलं, तेव्हा तबेल्याच्या मालकाने मावशीला निक्षून सांगितलं, "सोमवारी मी स्वतः बसतो. मला पाडलं, तर घोडी विकणार." शिंगरू असल्यापासून मावशीनेच या घोडीचं सगळं केलं होतं.

तिची रीत साधी. घोडी बुजली की लगाम खेचायचा नाही. मान जरा वळवायची, कशाला घाबरली ते बघू द्यायचं आणि शांतपणे बोलत राहायचं. पण सरावासाठी बुजवायला कुणीतरी हवं. ते काम काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, गळ्यात पडलं. काका निवृत्त पोस्टमन, त्यामुळे वेळच वेळ. आठवडाभर ते झुडपाआडून कधी छत्री उघडत, कधी डबा बडवत, कधी चादर पांघरून उगवत. माणूस मुलखाचा भिडस्त. प्रत्येक वेळी घोडीला गाजर देत.

"अहो, लाड कसले करताय?"

"अगं, घाबरवलं ना मी तिला. बरं दिसतं का ते?"

शेवटी छत्री दिसली की बाईसाहेब आनंदाने काकांचे खिसे हुंगू लागल्या.

सोमवारी मालक खोगिरावर बसला, मावशी शेजारून चालू लागली. सायकलवाला आडवा गेला, पायाजवळून पाखरं भुर्रकन उडाली. बाईसाहेब थांबून गाजराची वाट बघत राहिल्या. मावशीचा जीव भांड्यात पडला.

आणि वळणावरून काका आले. निकाल कळेपर्यंत त्यांना घरी बसवेना. इस्त्रीचा शर्ट, रिकामे हात, भर वाटेने सरळ चालत. घोडीने त्यांना आजवर झुडपातून उगवतानाच पाहिलं होतं. असला प्रकार तिला नवीन होता. ती अशी आडवी उडाली की मालकाची टोपी गेली आणि त्याने घोडीच्या गळ्याला मिठी मारली.

"ओढू नका, साहेब," मावशी हळूच म्हणाली. "मान वळवा. बघू दे तिला. आमचेच आहेत ते."

मालकाने कसाबसा लगाम सैल सोडला. घोडीने काकांना नीट न्याहाळलं, फुरफुरली आणि उभी राहिली.

मालक खाली उतरला. "घोडी राहू दे," तो म्हणाला. "पण या गृहस्थांना या वाटेवर बंदी."

मावशी घोडीच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली. काका लांबच उभे होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "झुडपातून आलो तर चालेल का?"