आईचे पुढचे चार दात

माझ्या मोठ्या भावाला एका प्रश्नाचं फार वेड आहे: "या वयात कशाला?" आईने चष्मा बदलायचा म्हटलं, या वयात कशाला. नवी चप्पल, या वयात कशाला. स्वतः पन्नाशी ओलांडली, पण केस काळे करताना त्याला हा प्रश्न कधी पडला नाही.

आईचे वरचे पुढचे चार दात पायरियाने गेले, तेव्हा त्याने तिला कवळी करून आणली आणि विषय मिटवला. कर्नाटकात हुलसूरजवळच्या आमच्या गावात, बुद्ध विहारात दर पौर्णिमेला वंदना आई सांगायची. ती पुढे म्हणणार, मागून सगळे. कवळी आल्यावर पहिल्याच पौर्णिमेला 'बुद्धं सरणं'मधलं 'सरणं' म्हणताना ती तोंडातून सुटली. आईने तोंडाला पदर लावला. बायका हसल्या. तेव्हापासून ती मागे भिंतीला टेकून, ओठ मिटून बसू लागली.

भाऊ म्हणाला, "बसू दे की मागं. आता दुसऱ्यानं म्हणावं."

माझं डोकंच फिरलं. मी तिला बसवकल्याणला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं, तर हा गाडी घेऊन सोबत आलाच. डॉक्टरने एक्स-रे पाहून नीट समजावलं. कवळी घट्ट करून वापरता येईल. नाहीतर दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून त्यांच्या आधाराने ब्रिज. नाहीतर हाडात स्क्रू बसवून, तो काही महिने हाडात मुरू देऊन, त्यावर पक्के दात. शुगर मात्र ताब्यात हवी. पण हे सांगितलं कुणाला? भावाला! आ करून खुर्चीत बसलेली आई, दात तिचे, आणि डॉक्टर बघतोय गाडी चालवणाऱ्याकडे.

मग भाऊ कन्नडमध्ये शिरला. आईपासून काही लपवायचं असलं की आम्ही भावंडं लहानपणापासून हेच करतो. ती उदगीरकडची, लग्न होऊन इकडे आली, कन्नडचा एक शब्द तिच्या तोंडून आम्ही ऐकला नव्हता. म्हातारी अशी किती वर्षं वापरणार, कवळीच बरी म्हणून तिला समजवा, असं तो बिनदिक्कत सांगत होता. मी तोंड उघडणार, तोच आई खुर्चीतून उठली.

"हल्लु नन्नवु. नन्नन्न केळ्री."

दात माझे आहेत, मला विचारा. कवळी काढलेल्या तोंडाने, पण स्पष्ट. डॉक्टर गडबडून उभाच राहिला. भावाचा चेहरा उतरला. आणि मी आठवू लागले, तिच्यासमोर बसून आम्ही आजवर काय काय बोललो होतो!

"माय, तुला कन्नड येतंय? मग बोलली कामून न्हाईस कधी?" मी विचारलं.

"तुमी काय लपवायलाव ते कळायचं बंद झालं असतं की," ती म्हणाली. मग डॉक्टरकडे वळून तिने स्क्रूचे दात मागितले.

ते बसायला बरेच महिने गेले. नंतरच्या पौर्णिमेला आई पुढे बसली. 'सरणं' खणखणीत आलं आणि मागून सगळं विहार म्हणू लागलं. मला रडू आवरेना. वंदना संपल्यावर भाऊ चारचौघांत छाती काढून म्हणाला, "मीच म्हणलं, मायला पक्के दात बसवू."

आईने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "म्या म्हणलं व्हतं."