नुसतं नाव पोचलं

ओल्या घोंगडीचा वास आला की दुधनीतलं ते स्कॅन सेंटर आठवतं. मी तिथं कॉम्प्युटर सांभाळायचो. स्कॅनचे फोटो आम्ही पाठवायचे आणि सोलापुरातल्या डॉक्टरांनी बघून कळवायचं, अशी पद्धत होती. त्या दिवशी सकाळीच मी नवीन फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरमधनं काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारी राखण, बसवली होती. दुपारी एक म्हातारा मेंढपाळ बायकोला घेऊन आला. ती गाडीवरून पडली होती, अर्धवट शुद्धीत होती. स्कॅन झालं, पण फोटो जाईनात. लॉगिन व्हायचं आणि पुढं सगळं गप्प. म्हातारा पावसात भिजलेली घोंगडी घेऊन माझ्या मागंच उभा. "पोचलं का वो सायेब?" दर दोन मिनिटांनी तेच. शेवटी माझ्या स्क्रीनवर, सोलापूरच्या डॉक्टरांकडच्या यादीत तिचं नाव उमटलं आणि मी सुटल्यासारखा म्हणालो, "पोचलं." त्यानं स्क्रीनला हात लावून नमस्कार केला आणि निवांत बसला. दोन तासांनी डॉक्टरांचा फोन आला, "अहो, नुसतं नाव आलंय, आत काहीच नाही." माझ्या फायरवॉलनं लॉगिनला आणि नावाला वाट दिली होती, फोटोंची अडवली होती. ती मोकळी करायला मला चार मिनिटंही लागली नाहीत. तोवर बाई हाकेला ओ देईनाशी झाली होती. तिला गाडीत घालून नेताना म्हातारा हात जोडून मला म्हणाला, "तुमी लई केलं." आता मी सोलापुरात मोठ्या ऑफिसात आहे. फाईल गेली की अजूनही पलीकडच्याला फोन करतो, "उघडून बघा, मी थांबतो." तो हसून म्हणतो, "पोचलं की वो!" आणि मला मागं वळून बघायचा धीर होत नाही.